दार कुणी उघडायचं? विशेष विवाह कायदा आणि समलिंगी विवाहाचा लढा



आजचा विषय समलिंगी विवाहाच्या कायद्याचा आहे. हा विषय निघाला की बोलणं लगेच दोन टोकांना जातं. एक बाजू म्हणते, हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे. दुसरी बाजू जुन्या देवळांवरची शिल्पं दाखवते आणि म्हणते, हे आपल्याकडे आधीपासूनच होतं. त्या वादात आपण आज शिरणार नाही. आपण एका कायद्याची गोष्ट बघणार आहोत. १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे ज्याला आपण घरात सरळ ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो, तो. कारण सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली जी लढाई झाली, ती मुख्यतः ह्या एका कायद्यावर झाली. आणि त्या कायद्याचा जन्म कसा झाला हे समजल्याशिवाय निकाल असा का लागला, हे नीट समजत नाही.

सुरुवात करावी लागते बंगालपासून. ब्राह्मो समाजाची मंडळी मूर्तिपूजा मानत नव्हती. साहजिकच लग्नातले जुने विधीही त्यांनी सोडले आणि स्वतःच्या पद्धतीनं लग्नं लावायला सुरुवात केली. अशी लग्नं झालीही बरीच. मग कुणाच्या तरी मनात शंका आली की, ही लग्नं कायद्यानं खरी का? केशवचंद्र सेन यांनी सरकारच्या ॲडव्होकेट जनरलचं मत घेतलं. मत आलं की नाहीत. हिंदू रीतीनं नाहीत, मुसलमानी रीतीनं नाहीत, तेव्हा कायद्याच्या नजरेत ती लग्नंच नाहीत.

ह्याचा अर्थ काय झाला बघा. ज्यांनी समाजासमोर, देवाला स्मरून लग्न केलं, ते नवरा-बायको एका कागदी मतानं परके ठरले. मुलांचा वारसा धोक्यात आला. म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला.

तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते हेन्री मेन. त्यांनी १८६८ मध्ये जे विधेयक आणलं, ते चांगलंच रुंद होतं. ख्रिस्ती नसलेल्या ज्या कोणा हिंदी माणसाला आपल्या धर्माच्या विधीनं लग्न करायचं नसेल, त्याला सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न करता यावं, अशी ती कल्पना होती. त्याला विरोध झाला. प्रांतिक सरकारांनी विरोध केला, सनातनी मंडळींनी केला. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच: चार शिकलेल्या माणसांसाठी सगळ्या समाजाची घडी कशाला विसकटायची? हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

मेननंतर फिट्झजेम्स स्टीफन आले. त्यांनी विधेयक आखडून फक्त ब्राह्मोंपुरतं करायचं ठरवलं. तर आता ब्राह्मोंमधलाच जुना गट, देवेंद्रनाथ टागोरांचा आदि ब्राह्मो समाज, उभा राहिला. आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला वेगळं काढू नका, असं त्यांनी सांगितलं. शेवटी जी तडजोड झाली ती १८७२ चा तिसरा कायदा. ह्या कायद्याखाली लग्न करायचं असेल तर वर आणि वधू दोघांनी लिहून द्यायचं की, आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन, ह्यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. आठ धर्मांची यादी, आणि आठही नाकारायचे.

म्हणजे दार उघडलं, पण उंबरठ्यावर धर्म काढून ठेवा, मग आत या, असा हिशेब.

एक गोष्ट ह्या कायद्याच्या बाजूनंही सांगितली पाहिजे. एकपत्नीत्व त्यात सक्तीचं होतं, आणि वयाची अट होती: मुलगा १८, मुलगी १४. १८७२ च्या मानानं ही अट पुढची होती. गंमत अशी की, ज्या केशवचंद्रांनी ह्या कायद्यासाठी इतकी खटपट केली, त्यांनीच १८७८ मध्ये आपली मुलगी १४ पूर्ण व्हायच्या आत कूचबिहारच्या राजाला दिली. त्यावरून त्यांच्या समाजात फूट पडली. कायदा करणं आणि तो घरात पाळणं, ह्यांत अंतर असतं, ते तेव्हाही होतं.

आता प्रश्न असा की, ज्याला हिंदू राहायचं आहे पण जातीबाहेर लग्न करायचं आहे, त्यानं काय करायचं? भूपेंद्रनाथ बसूंनी १९११ मध्ये प्रयत्न केला, तो फसला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारं विधेयक आणलं. देशभर गदारोळ झाला आणि ते काही मंजूर झालं नाही. इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पटेल विधेयकाला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. ब्रिटिश मुलखात जे अडलं, ते एका संस्थानानं करून दाखवलं.

ब्रिटिश हिंदुस्थानात वाट मोकळी झाली ती १९२३ मध्ये, हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीनं. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन ह्यांना आपसांत लग्न करताना धर्म नाकारायची गरज उरली नाही. हिंदू आणि मुसलमान जोडप्याला मात्र जुनीच अट राहिली. आणि ह्या सवलतीचीही किंमत होती. असं लग्न करणारा हिंदू मुलगा अविभक्त कुटुंबातून आपोआप बाहेर पडायचा. त्याला दत्तक घेता यायचं नाही. आणि सगळ्यांत बोलकी तरतूद ही की, तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा मिळायची. मुलगा जिवंत, डोळ्यांसमोर, पण कायद्यानं बापाला सांगितलं की, हा गेला असं समजून दुसरा आणू शकता.

१५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह झाला, तोही नागरी पद्धतीनं, नोंदणी करून. घटनेचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाला त्या काळी लग्नासाठी जी वाट उपलब्ध होती, ती हीच. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या वादात ‘हा कायदा कोणासाठी’ हा प्रश्न कळीचा ठरला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये संसदेनं जुना कायदा रद्द करून नवा विशेष विवाह कायदा केला. धर्म नाकारायची अट गेली. आता कोणत्याही धर्माचे दोघं आपापला धर्म ठेवून लग्न करू शकत होते. ह्या कायद्याचं चौथं कलम सुरू होतं ते ‘कोणत्याही दोन व्यक्तींमधला विवाह’ अशा शब्दांनी. पण त्याच कलमात खाली वयाची अट येते: पुरुषाला २१ पूर्ण, स्त्रीला १८ पूर्ण. एकाच कलमात वर ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ आणि खाली ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’. २०२३ चा सगळा खटला ह्या चार-पाच ओळींच्या मध्ये उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

इथे एक हिशेब करू. १८७२ पासून १९२३ पर्यंत ५१ वर्षं. १९२३ पासून १९५४ पर्यंत ३१ वर्षं. दार प्रत्येक वेळी कायदेमंडळानं उघडलं, प्रत्येक वेळी उशिरा उघडलं. आणि दार उघडायच्या आधी माणसं थांबली नव्हती. ती लग्नं करत होती आणि परिणाम भोगत होती.

आता समलिंगी जोडप्यांकडे येऊ. १९८७ मध्ये भोपाळजवळ दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींना हार घालून लग्न केलं. खात्यानं त्यांना नोकरीवरून काढलं. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. तेव्हा ३७७ कलम होतं. १८६० च्या दंडसंहितेतलं हे कलम ‘निसर्गाच्या क्रमाविरुद्ध’ संबंधांना गुन्हा ठरवत होतं. ज्याच्या मागे गुन्ह्याची टांगती तलवार आहे, तो लग्नाचा हक्क मागायला कुठे जाणार?

म्हणून आधीची लढाई ३७७ ची. नाझ फाउंडेशननं २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २ जुलै २००९ ला त्या न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि सांगितलं, बदल करायचा तर संसदेनं करावा. संसदेनं केला नाही. मग ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते कलम संमतीच्या संबंधांपुरतं एकमतानं रद्दबातल केलं. म्हणजे इथे संसद बसून राहिली आणि दार न्यायालयानं उघडलं. त्यामुळे पुढचं दारही न्यायालय उघडेल, ही आशा स्वाभाविक होती.

पण गुन्हा काढून टाकणं वेगळं आणि विवाह देणं वेगळं. गुन्हा काढायला एक कलम खोडावं लागतं. विवाह द्यायला शेकडो कलमं नीट लावावी लागतात.

संसदेत काहीच झालं नाही असंही नाही. १ एप्रिल २०२२ ला बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं अशासकीय विधेयक मांडलं. कायद्यात पती-पत्नीऐवजी जोडीदार असा शब्द यावा, दोघं पुरुष असतील तर वय २१ आणि दोघी स्त्रिया असतील तर १८ असावं, अशी ती दुरुस्ती. अशासकीय विधेयकांचं जे होतं तेच ह्याचंही झालं. पण ‘कायदा कसा बदलायचा हे कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणता येणार नाही. मसुदा सभागृहाच्या टेबलावर आला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग ह्या हैदराबादच्या जोडप्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोटीस काढली. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिकाही दिल्लीला आल्या. मार्च २०२३ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंहा. १८ एप्रिल ते ११ मे दरम्यान दहा दिवस सुनावणी झाली आणि ती थेट प्रक्षेपित झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती घरी बसून पाहिली असेल.

पहिल्याच दिवशी न्यायालयानं सांगितलं की, धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांना आम्ही हात लावणार नाही, फक्त विशेष विवाह कायदा बघू. याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की, ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ ह्याऐवजी ‘व्यक्ती’ असं वाचा, ‘पती’ आणि ‘पत्नी’ ह्याऐवजी ‘जोडीदार’ वाचा. बस. केंद्र सरकारनं प्रतिज्ञापत्रात म्हटलं की, ही शहरी अभिजनांची मागणी आहे आणि विवाहासारख्या संस्थेबद्दलचा निर्णय संसदेचा आहे. मघाशी आम्ही म्हटलं होतं ना, ते वाक्य पुन्हा भेटेल? चार शिकलेल्या माणसांसाठी समाजाची घडी कशाला विसकटायची. दीडशे वर्षांनी शब्द बदलले, म्हणणं तेच राहिलं.

मात्र सरकारची दुसरी हरकत हलक्यानं घेण्यासारखी नव्हती. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सांगितलं की, असं वाचलं तर कायद्यांतल्या १६० तरतुदी एकमेकींशी जुळणार नाहीत. खुद्द विशेष विवाह कायद्यातच बघा. पोटगी पत्नीला आहे. काही कारणांवर घटस्फोट फक्त पत्नी मागू शकते. दोघंही पुरुष असतील तर ‘पत्नी’ कोण? शिवाय १९७६ मध्ये ह्या कायद्यात २१-अ कलम घातलं गेलं. दोघंही हिंदू असतील तर वारसा हिंदू वारसा कायद्यानं, असं ते सांगतं. म्हणजे व्यक्तिगत कायद्याला हात लावणार नाही असं म्हणून सुरुवात केली, तरी एक धागा ओढला की तो सरळ त्याच कायद्यांत जातो.

सुनावणी चालू असताना केंद्रानं राज्यांनाही मत विचारलं. सात राज्यांची उत्तरं आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम ह्यांनी विरोध नोंदवला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम ह्यांनी कळवलं की विचार करायला वेळ हवा. शाहू महाराजांच्या महाराष्ट्रानं वेळ मागितला, एवढंच आपण नोंदवून ठेवू.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. पुष्कळांना वाटतं की निकाल तीन विरुद्ध दोन लागला. ते अर्धंच खरं आहे. मुख्य दोन मुद्द्यांवर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. घटनेत विवाहाचा असा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाह न्यायालयानं वाचून घालता येणार नाही. मतभेद झाले ते पुढे. सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांचं मत होतं की, समलिंगी जोडप्यांना एकत्र नातं जोडायचा हक्क आहे, त्या नात्याला सरकारनं मान्यता द्यायला हवी, आणि त्यांना एकत्र दत्तकही घेता यायला हवं. बाकी तिघांनी हे मान्य केलं नाही.

ह्या निकालात इतिहासाचा वापर कसा झाला, हे आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं आहे. बहुमताच्या बाजूनं न्या. भट यांनी ह्या कायद्याची पार्श्वभूमी मांडली आणि म्हटलं की, हा कायदा वेगळ्या धर्मांच्या स्त्री-पुरुषांसाठी केला होता, समलिंगी जोडपी वगळायचा हेतू त्यात नव्हता. सरन्यायाधीशांनी दुसऱ्या बाजूनं तोच इतिहास घेतला. हा कायदा रद्द केला तर आंतरधर्मीय, आंतरजातीय जोडप्यांची वाटच बंद होईल आणि आपण स्वातंत्र्यपूर्व काळात जाऊ, असं ते म्हणाले. आणि नवे शब्द घालायचे तर ते कायदा करणं होईल.

दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण आपण आत्ता जो इतिहास पाहिला, त्यात तिसरीही गोष्ट दिसते. ह्या कायद्याचा हेतू एकदाच ठरला आणि तसाच राहिला, असं कधी झालं नाही. १८६८ ला तो सगळ्यांसाठी होता, मग ब्राह्मोंपुरता झाला, मग धर्म नाकारणाऱ्यांचा झाला, १९२३ ला हिंदूंच्या आंतरजातीय लग्नांचा झाला, १९५४ ला पुन्हा सगळ्यांचा. ज्यांना जुन्या घरात जागा नाही त्यांच्यासाठी बांधलेली ही खोली आहे, आणि ती दर पिढीला थोडी वाढवली गेली आहे. पुढची वाढ संसदेनं करावी असं म्हणणं ठीक आहे. ही खोली वाढवायची सोयच नाही, असं मात्र इतिहास म्हणत नाही.

मग इतर देशांत हा पेच कसा सुटला? अमेरिकेत २६ जून २०१५ ला न्यायालयानं थेट निर्णय दिला, पाच विरुद्ध चार. पण दुसरीही एक पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेत घटना न्यायालयानं डिसेंबर २००५ मध्ये संसदेला एक वर्षाची मुदत दिली आणि २००६ मध्ये कायदा झाला. तैवानमध्ये मे २०१७ मध्ये न्यायालयानं दोन वर्षं दिली. मध्ये २०१८ च्या सार्वमतात लोकांनी विरोधी कौल दिला, तरीही १७ मे २०१९ ला संसदेनं वेगळा कायदा करून मुदत पाळली. कायदा लिहायचं काम संसदेचं, पण घड्याळ न्यायालयानं लावलेलं. आपल्याकडे न्यायालयानं जोडप्यांच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं, मात्र घड्याळ लावलं नाही.

ह्यात गोव्याचं उदाहरण जाता जाता सांगण्यासारखं आहे. गोव्यात आजही लग्नाचा जो कायदा आहे तो पोर्तुगीजांचा. २५ डिसेंबर १९१० च्या त्या हुकुमात विवाह म्हणजे भिन्न लिंगांच्या दोन व्यक्तींमधला करार, अशी व्याख्या आहे. पोर्तुगालनं स्वतः २०१० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. ज्यांनी व्याख्या लिहिली त्यांनी ती बदलली, आणि ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांच्याकडे ती तशीच आहे.

आता निकालानंतर काय झालं? एप्रिल २०२४ मध्ये समिती स्थापन झाली. त्या वर्षी ऑगस्टअखेर अर्थ मंत्रालयानं खुलासा केला की, समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी त्यांना एक कुटुंब धरावं, अशाही सूचना निघाल्या. ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. २०२५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्यानं भेटवस्तूंवरच्या प्राप्तिकराचा प्रश्न नेला. नवरा-बायकोनं एकमेकांना कितीही मोठी भेट दिली तरी कर नाही, कारण कायद्यात ते ‘नातेवाईक’ आहेत. समलिंगी जोडीदार मात्र परका, म्हणून ५० हजारांच्या वर भेट गेली की ती उत्पन्नात धरायची. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं की, कुटुंब करायचा विवाह हा एकच मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही असतं.

म्हणजे दार बंद आहे, पण खिडक्या एकेक करून उघडतायत. बँकेची एक, रेशनची एक. ह्याला कमी लेखू नये. तरी खिडकी आणि दार ह्यांत फरक आहे. नॉमिनी असणं म्हणजे वारस असणं नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण मृत्युपत्र नसेल तर त्या पैशांवर हक्क सांगायला मृताचे भाऊ-पुतणे येऊ शकतात. वीस वर्षं एका छपराखाली राहिलेला माणूस मग कोर्टात परका म्हणून उभा राहतो. शिवाय परिपत्रक कोणताही अधिकारी दुसऱ्या परिपत्रकानं मागे घेऊ शकतो. कायदा तसा मागे घेता येत नाही.

आपल्याकडची समलिंगी जोडपी आज १८७२ च्या आधीच्या ब्राह्मोंच्या जागी उभी आहेत. लग्न त्यांनी केलेलं आहे, कागद तेवढा नाही. ब्राह्मोंना अर्जापासून कायद्यापर्यंत काही वर्षं लागली आणि मोबदल्यात धर्म नाकारावा लागला. आंतरजातीय जोडप्यांना त्यानंतर ५१ वर्षं लागली आणि मोबदल्यात घर सोडावं लागलं. ह्या जोडप्यांना किती वर्षं लागतील आणि मोबदल्यात काय मागितलं जाईल, हा प्रश्न आता संसदेपुढे आहे. आणि संसद कुणाचं ऐकते, तर मतदारांचं. तेव्हा तो थोडाफार आपल्यापुढेही आहे.

आज इथे थांबू. तुमचे प्रश्न जरूर विचारा.